इजा कोणाची, पैसे कोणाचे : न्यूझीलंडच्या मोटरसायकलस्वारांचा लढा

न्यूझीलंडमध्ये रस्त्यावर चालणाऱ्या प्रत्येक वाहनाचा परवाना ठरावीक मुदतीने नव्याने घ्यावा लागतो. लोक त्याला ‘रेजो’ म्हणतात. २००९ च्या सुमारास रेजोसाठी भरलेल्या पैशांतला मोठा हिस्सा सरकारी तिजोरीत किंवा रस्तादुरुस्तीला जात नसे. तो अपघात भरपाई महामंडळाकडे, म्हणजे ‘एसीसी’कडे, लेव्ही म्हणून जमा होत असे. ऑक्टोबर २००९ मध्ये एसीसीने या लेव्हीचे नवे दर सुचवले. ६०० सीसीहून मोठ्या मोटरसायकलीची वार्षिक लेव्ही २५२.६९ डॉलरवरून ७४५.७७ डॉलरवर, म्हणजे जवळजवळ तिपटीवर न्यायची आणि १२६ ते ६०० सीसीच्या गटाची ५११.४३ डॉलर करायची, असा तो प्रस्ताव होता. मोटारींवरची सरासरी वाढ मात्र ३० डॉलरच्या आसपास होती. (सर्व रकमा न्यूझीलंडच्या डॉलरमधल्या आहेत.) या आकड्यांनी देशभरचे मोटरसायकलस्वार खवळले. त्यांच्या रागामागे पैशांखेरीज आणखी एक कारण होते. ते समजून घ्यायचे तर एसीसीची व्यवस्था मुळात कशी उभी राहिली, तिथून सुरुवात करावी लागते.

अपघातात जखमी झालेल्याने भरपाई मिळवण्याचा जुना मार्ग न्यायालयातून जात असे. चूक समोरच्याची होती हे सिद्ध झाले तर पैसे, नाही तर काही नाही. साक्षीदार सापडला का, वकील कसा मिळाला, प्रतिवादीची ऐपत किती, यावर सारे अवलंबून. एकाच प्रकारे पाय गमावलेल्या दोघांपैकी एकाला मोठी रक्कम मिळे आणि दुसरा रिकाम्या हाताने घरी जाई. न्यूझीलंडमध्ये कामगारांसाठी १९०० सालापासून वेगळा भरपाई कायदा होता, पण त्याचे संरक्षण तोकडे होते. हा सगळा गोंधळ तपासण्यासाठी न्यायमूर्ती ओवेन वुडहाउस यांच्या अध्यक्षतेखाली एक शाही आयोग नेमला गेला. आयोगाने कामगारांच्या भरपाईचा विचार करावा, एवढीच अपेक्षा होती. डिसेंबर १९६७ च्या अहवालात वुडहाउस यांनी त्यापलीकडे जाऊन सांगितले की, अपघात कामावर झाला, रस्त्यावर झाला की घरात, हा फरकच काढून टाकावा. समाजाला वाहने, यंत्रे, कारखाने, खेळ हवे आहेत. त्यांच्यापासून ठरावीक प्रमाणात माणसे जखमी होणारच. मग त्या जखमींचा भारही साऱ्या समाजाने उचलायला हवा. सामुदायिक जबाबदारी, सर्वांना समान हक्क, पूर्ण पुनर्वसन, खरीखुरी भरपाई आणि कार्यक्षम कारभार ही त्या अहवालाची पाच तत्त्वे होती. त्यांतले पहिले पुढच्या वादाच्या केंद्रस्थानी आले.

कायदा १९७२ मध्ये झाला आणि १ एप्रिल १९७४ पासून अमलात आला. मूळ कायद्यात मिळवते लोक आणि मोटार अपघातातले जखमी यांचाच समावेश होता. १९७३ च्या दुरुस्तीने गृहिणी, मुले, वृद्ध अशा न मिळवत्यांनाही संरक्षण मिळाले. या बदल्यात नागरिकांनी एक मोठा हक्क सोडला. शारीरिक इजेच्या भरपाईसाठी दुसऱ्यावर दावा लावण्याचा मार्ग बंद झाला. आता जखमीला उपचारांचा खर्च मिळतो, पुनर्वसनाची मदत मिळते, आणि काम करता येत नसेल तर पहिला आठवडा सोडून पुढे मिळकतीच्या ८० टक्के रक्कम मिळते. चूक कोणाची, हे कोणी विचारत नाही. यालाच दोषनिरपेक्ष भरपाई म्हणतात. जगात इतकी व्यापक दोषनिरपेक्ष व्यवस्था दुसरीकडे सापडणे कठीण आहे. माणसाच्या प्रतिष्ठेचा इतका सरळ विचार करणारे कायदे विरळाच.

एसीसीचा पैसा वेगवेगळ्या खात्यांत विभागलेला असतो. कामावरच्या इजांचे खाते मालकांच्या लेव्हीवर चालते. नोकरदारांना घरी किंवा मैदानावर होणाऱ्या इजांचा खर्च पगारातून कापल्या जाणाऱ्या लेव्हीतून भागतो. न मिळवत्यांचा खर्च सरकार देते. सार्वजनिक रस्त्यावरच्या मोटार अपघातांसाठी मोटार वाहन खाते आहे. त्यात पैसे दोन वाटांनी येतात. एक वाट रेजोची. दुसरी पेट्रोलच्या प्रत्येक लिटरमागे घेतल्या जाणाऱ्या छोट्या शुल्काची, जे २००९ च्या सुमारास १० सेंटच्या जवळपास होते. म्हणजे रग्बी खेळताना गुडघा निखळलेल्या कारकुनाचा खर्च सगळे नोकरदार मिळून उचलतात. रग्बीपटूकडून वेगळी लेव्ही कोणी मागत नाही. मोटरसायकलवरून पडून गुडघा निखळला, तर तो खर्च मोटार वाहन खात्यावर पडतो आणि त्या खात्यात ‘मोटरसायकल’ नावाचा एक वेगळा गट आहे.

भारतातल्या वाहनविम्याशी तुलना केली की या रचनेतली खोच पटकन लक्षात येते. भारतात सक्तीचा असतो तो तृतीय पक्ष विमा, म्हणजे आपल्या वाहनाने दुसऱ्याला इजा झाली तर तिची भरपाई. जून २०२२ मध्ये लागू झालेल्या दरांनुसार ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा हा वार्षिक हप्ता ७१४ रुपये होता आणि १००० ते १५०० सीसीच्या मोटारीचा ३,४१६ रुपये. दुचाकी दुसऱ्याला फारशी इजा करत नाही, मोटार करू शकते, म्हणून दुचाकीचा हप्ता कमी. दुचाकीस्वाराला स्वतःला किती लागेल, तो विमा निराळा. न्यूझीलंडने दोषाचा प्रश्न रद्द केला आणि त्याबरोबर हिशेबाची दिशाही उलटली. तिथे कोण इजा करतो हे मोजलेच जात नाही, कोणाला इजा होते एवढेच मोजले जाते. मोटार आणि मोटरसायकल यांची धडक झाली तर मोटारीच्या चालकाला बहुधा खरचटतही नाही, मोटरसायकलस्वार रुग्णालयात जातो. नोंद मोटरसायकल गटाच्या नावावर होते, मग वळण घेताना समोर न पाहणारा मोटारवाला का असेना. वाहनांचे गट पाडून प्रत्येक गटाने आपापल्या जखमींचा खर्च भरावा, असे ठरवले की या व्यवस्थेत सर्वांत मोठी रक्कम सर्वांत असुरक्षित माणसाच्या माथी येते. २००९ च्या वादाचे मर्म हे होते. आंदोलकांनी ते अचूक ओळखले होते.

एसीसीची बाजू खोटी नव्हती. मोटरसायकलस्वाराभोवती पत्रा नसतो, पट्टा नसतो, हवेची पिशवी नसते. न्यूझीलंडच्या वाहतूक मंत्रालयाच्या हिशेबानुसार, सारखेच अंतर कापताना जखमी होण्याचा किंवा मरण्याचा धोका मोटारचालकापेक्षा मोटरसायकलस्वाराला सुमारे २० पट अधिक असतो. पाय चिरडणे, मणक्याला मार, मेंदूला इजा यांचे उपचार वर्षानुवर्षे चालतात. मोटरसायकल अपघातांवर वर्षाला सुमारे ६.२ कोटी डॉलर खर्च होतात आणि मोटरसायकलींच्या लेव्हीतून जेमतेम १.२ कोटी डॉलर येतात, असे महामंडळ सांगत होते. उरलेला भार मोटारवाले सोसतात, आणि प्रस्तावित वाढीनंतरही मोटरसायकलस्वार आपला पूर्ण खर्च भरणार नाहीत, असा महामंडळाचा युक्तिवाद होता. शिवाय पेट्रोलचे भाव चढल्यावर मोटरसायकलींची संख्या वाढत होती. तरुणपणी सोडलेली मोटरसायकल चाळिशी-पन्नाशीत पुन्हा हाती घेणाऱ्यांची एक पिढीच रस्त्यावर उतरली होती.

पण हे दर नेमके २००९ मध्येच का उसळले, याचे उत्तर रस्त्यावर सापडत नाही. ते हिशेबाच्या पद्धतीत आहे. एसीसी पूर्वी दरसाल वसुलीच्या पद्धतीने चाले : यंदा जेवढा खर्च तेवढी यंदा लेव्ही. १९९९ मध्ये पूर्णनिधी पद्धत स्वीकारली गेली. या पद्धतीत एखाद्या वर्षी झालेल्या अपघातांचा पुढे आयुष्यभर येणारा सगळा खर्च त्याच वर्षी अंदाजून बाजूला ठेवायचा असतो. विशीतल्या तरुणाचा मणका मोडला तर त्याच्या मदतनिसाचा, चाकाच्या खुर्चीचा, बुडालेल्या मिळकतीचा पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांचा खर्च आजच्या पैशात मांडायचा. त्यात १९९९ पूर्वीच्या अपघातांचे जुने देणेही होते. ते काही वर्षांत फेडून टाकायचे ठरले होते. त्यासाठी २०१४ ची मुदत होती, ती नंतर २०१९ पर्यंत लांबवण्यात आली.

या पद्धतीत व्याजदराला भलतेच महत्त्व येते. गुंतवणुकीवर जास्त व्याज मिळणार असेल तर आज कमी पैसे पुरतात, व्याजदर घसरले की तेच भविष्यातले देणे आज फुगलेले दिसते. २००८ च्या जागतिक आर्थिक पडझडीने नेमके हेच घडवले. गुंतवणुकी आपटल्या, व्याजदर खाली आले, उपचारांचा खर्चही वाढत होता. जून २००९ अखेरच्या वर्षात एसीसीने ४.८ अब्ज डॉलरची तूट जाहीर केली. नोव्हेंबर २००८ मध्ये जॉन की यांच्या नेतृत्वाखाली नॅशनल पक्षाचे सरकार आले होते आणि एसीसीचे खाते निक स्मिथ यांच्याकडे होते. व्यवस्था बुडण्याच्या बेतात आहे, असे चित्र उभे करण्यात आले. विरोधकांचे म्हणणे असे, की ही तूट मुख्यतः कागदावरची आहे. तिजोरीत त्या वर्षीची बिले भागवण्याइतके पैसे आहेत, घाई आहे ती मुदतीची. या प्रश्नावर दोन्ही बाजूंचे थोडे थोडे बरोबर होते. मणका मोडलेल्या माणसाचे पुढचे देणे खरे असते, ते कागदावरचे म्हणून उडवून लावता येत नाही. मात्र व्याजदराच्या एका हेलकाव्यावरून मोटरसायकलीची लेव्ही एका वर्षात तिप्पट करू पाहणे, हे विमागणिताच्या नावाखाली केलेले अविचारी काम होते.

मोटरसायकलस्वारांचे बाकीचे आक्षेपही नीट ऐकण्यासारखे होते. शेतावरच्या आणि चिखलाच्या शर्यतींतल्या मोटरसायकलींच्या इजाही रस्त्यावरच्या आकड्यांत मिसळल्या जातात, असा त्यांचा संशय होता. सायकलस्वार आणि पादचारी मोटारींशी टकरून जखमी होतात, त्यांचा खर्च याच मोटार वाहन खात्यातून निघतो, पण त्यांच्याकडून कोणी लेव्ही घेत नाही. आणि ते योग्यच आहे, असे आंदोलकही म्हणत. त्यांचे सांगणे एवढेच होते, की पायी चालणाऱ्याला लागणारे सामुदायिक जबाबदारीचे तत्त्व दोन चाकांच्या इंजिनाशी येऊन थांबू नये. न्यूझीलंडमध्ये हौशी स्वाराकडे दोन-तीन मोटरसायकली असणे नवलाचे नाही. तो एका वेळी एकीवरच बसू शकतो, तरी लेव्ही प्रत्येकीची वेगळी. वापर कमी असेल तर निदान तीन महिन्यांसाठी वाहन ‘होल्ड’वर टाकून रेजो थांबवता येतो. हिवाळ्यात बरेच जण तसे करतात. दर जितका चढेल तितक्या जास्त मोटरसायकली होल्डवर जातील किंवा रेजोविना चोरून चालतील, आणि मग वसुली वाढण्याऐवजी घटेल, हा इशाराही दिला गेला.

सर्वांत कच्चा दुवा होता तो सीसीच्या गटांचा. ५९९ सीसीची यामाहा आर-६ ही जवळजवळ शर्यतीची गाडी. तिची ताकद शंभर अश्वशक्तीच्या वर जाते. ८८३ सीसीची हार्ले-डेव्हिडसन स्पोर्टस्टर रमतगमत चालवायची जड गाडी, तिची ताकद त्याच्या निम्म्याच्या आसपास. लेव्हीच्या तक्त्यात मात्र आर-६ स्वस्त गटात आणि स्पोर्टस्टर महागड्या गटात. पुढे १ ऑक्टोबर २०१२ पासून शिकाऊ चालकांसाठी न्यूझीलंडने २५० सीसीची जुनी मर्यादा काढून नवा नियम आणला : ६६० सीसीपर्यंतची मोटरसायकल चालेल, पण ताकद आणि वजन यांचे गुणोत्तर टनामागे १५० किलोवॉटच्या आत हवे. सीसीवरून धोका मोजता येत नाही, याची ही सरकारी कबुलीच म्हणायची. लेव्हीच्या तक्त्यात मात्र तेच सीसी कायम राहिले.

प्रस्ताव आल्यावर ऑक्टोबर २००९ संपता संपता शहराशहरांत मोर्चे निघू लागले. मोटरसायकलस्वारांच्या हक्कांसाठी काम करणारी ‘ब्रॉन्झ’ ही संघटना आणि चाळिशी ओलांडलेल्या स्वारांचा युलिसीस क्लब त्यात आघाडीवर होते. १७ नोव्हेंबर २००९ ला सगळ्यांनी राजधानी वेलिंग्टन गाठायचे ठरले. या मोर्चाला नाव मिळाले ‘बाइकोई’. माओरी भाषेत ‘हीकोई’ म्हणजे पायी चालणे, कूच. १९७५ मध्ये फिना कूपर या ७९ वर्षांच्या माओरी नेत्या जमिनीच्या हक्कांसाठी उत्तरेच्या टोकापासून संसदेपर्यंत हीकोई घेऊन चालत गेल्या. २००४ मध्ये समुद्रकिनाऱ्याच्या मालकीवरून दुसरी मोठी हीकोई झाली. त्यामुळे न्यूझीलंडमध्ये या शब्दाला आपल्याकडच्या ‘सत्याग्रहा’सारखे वजन आहे. ‘बाइक’ आणि ‘हीकोई’ जोडून तयार झालेल्या नावाने मोटरसायकलस्वारांनी आपली तक्रार देशाच्या प्रतिकाराच्या परंपरेत नेऊन बसवली.

त्या दिवशी हजारो मोटरसायकली वेलिंग्टनमध्ये उतरल्या. दक्षिण बेटावरचे स्वार कुक सामुद्रधुनी फेरीबोटीने ओलांडून आले. संसदेसमोरच्या रस्त्यांवर नजर पोचेल तिथवर गाड्या होत्या. चामडी जाकिटातले गोंदवलेले गट होते, तसे निवृत्त शिक्षक, परिचारिका, स्कूटरवरून कामावर जाणारे कारकूनही होते. मोटरसायकलस्वार म्हणजे बेदरकार पोरे, हा समज त्या गर्दीकडे पाहून टिकला नसता. मंत्री निक स्मिथ गर्दीसमोर बोलायला आले, तेव्हा लोकांनी त्यांची हुर्यो उडवली.

न्यूझीलंडच्या कायद्यानुसार लेव्ही थेट ठरत नाही. महामंडळ प्रस्ताव मांडते, लोकांकडून हरकती मागवते, मग मंत्र्यांकडे शिफारस करते आणि शेवटचा निर्णय मंत्रिमंडळ घेते. त्यामुळे मोर्चाबरोबर लेखी हरकतींचाही ढीग पडला. डिसेंबर २००९ मध्ये सरकारने माघार घेतली, पण अर्धीच. १ जुलै २०१० पासून मोठ्या मोटरसायकलींची लेव्ही सुमारे ४२७ डॉलर झाली, ६०० सीसीपर्यंतच्यांची सुमारे ३२७. प्रस्तावापेक्षा हे बरेच कमी होते, तरी मोठ्या गाडीवाल्यांना जवळपास ७० टक्के वाढ सोसावी लागली. त्यात मोटरसायकल सुरक्षेसाठी वर्षाला ३० डॉलरची एक नवी लेव्हीही जोडण्यात आली.

या तीस डॉलरवरून तेव्हा पुष्कळ संताप झाला. पण सगळ्या प्रकरणातून निघालेली सर्वांत उपयोगी गोष्ट तीच ठरली. या पैशाच्या वापराबाबत सल्ला देण्यासाठी २०११ मध्ये मोटरसायकल सुरक्षा सल्लागार परिषद स्थापन झाली. तिच्यावर मोटरसायकलस्वारांनाच घेतले गेले. मोटरसायकलींना सोसतील असे रस्ते कसे बांधावेत, यासाठी कोरोमंडल द्वीपकल्पातल्या वळणदार रस्त्यांवर काम झाले. एसीसीने ‘राइड फॉरएव्हर’ नावाने प्रशिक्षणवर्ग सुरू केले. ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्यांचे हे वर्ग अनुदानामुळे अगदी माफक शुल्कात करता येतात. पुढे ते पूर्ण करणाऱ्यांना लेव्हीतली काही रक्कम परत देण्याची योजनाही आली. धोक्याचे पैसे लावण्यापेक्षा धोका कमी करणाऱ्याला पैसे द्यावेत, हा विचार २००९ मध्येच सुचला असता तर बराच मनस्ताप टळला असता.

असा वाद फक्त न्यूझीलंडमध्ये झाला असेही नाही. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १९७८ पासून रस्ते अपघातांसाठी दोषनिरपेक्ष सरकारी भरपाई आहे. तिथेही मोटरसायकलींचे शुल्क मोटारींपेक्षा कितीतरी जास्त झाले आणि तिथेही मोटरसायकलस्वार रस्त्यावर उतरले. दोष न विचारणारी भरपाई आणि गटागटाने वसुली या दोन गोष्टी एकत्र आल्या, की कमी संरक्षण असलेल्या वाहनाचे शुल्क चढते. देश कोणताही असो, गणित तेच.

एसीसीची आर्थिक घडी पुढे लवकरच बसली. व्याजदर आणि गुंतवणुकी सावरल्यावर २०१३ पर्यंत महामंडळ अब्जावधी डॉलरची वार्षिक शिल्लक दाखवू लागले आणि नंतरच्या वर्षांत वाहनांच्या लेव्हीत कपातही झाली. ‘समाजाने समाजाचे जखमी सांभाळावेत’ असे सांगणारे ओवेन वुडहाउस २०१४ मध्ये ९७ व्या वर्षी वारले. १ जुलै २०१५ पासून मोटारींचीही जोखमीनुसार वर्गवारी सुरू झाली : सुरक्षित मोटारीला कमी लेव्ही, कमी सुरक्षित मोटारीला जास्त. चार वर्षे ही पद्धत चालली. जुन्या, कमी सुरक्षित मोटारी बहुधा गरिबांकडे असतात, त्यामुळे श्रीमंतांच्या नव्या गाड्यांना सवलत मिळते आणि गरिबांना दंड बसतो, अशी टीका तिच्यावर झाली. १ जुलै २०१९ पासून मोटारींची ती वर्गवारी रद्द झाली आणि नव्या-जुन्या सर्व पेट्रोल मोटारींना पुन्हा एकच दर लागू झाला. मोटरसायकलींचे सीसीचे गट मात्र त्या दिवशी होते तसेच ठेवण्यात आले.